उन्हाचा आकडा

निवृत्त डॉक्टर सबनीसांनी कोलशेतला खाडीकाठी बंगली बांधली आणि अंगणात एक उष्णतामापक बसवला. त्याचा पाऱ्याचा गोळा काजळीने काळा केलेला, वर काचेचं आवरण. सूर्य म्हणजे धगधगता वायू, त्याची किती धग इथवर पोचते ते त्यांना मोजायचं होतं. त्या वायूच्या अणूंतले इलेक्ट्रॉनही उष्णतेने सुटे झालेले असतात, हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

रोज दुपारी आकडा वाचायचं काम मिठागरातल्या पंढरीकडे होतं. पण पांढऱ्या मिठावरचं ऊन झेलून त्याची नजर अधू होत गेली. काम जाईल म्हणून त्याने कुणाला सांगितलं नाही. बायकोच्या, आवडाच्या, तळहातावर बोटाने एकेक अंक काढून त्याने तिला शिकवले. मग ती पाणी द्यायच्या निमित्ताने सोबत यायची, हळूच आकडा सांगायची आणि ओसरीवर वही घेऊन बसलेल्या डॉक्टरांना तो मोठ्याने सांगायचा. अशी दोन वर्षं गेली.

१८८३च्या डिसेंबरात आभाळ निरभ्र होतं. जुन्या नोंदींवरून डॉक्टरांनी अंदाज बांधला होता, आज एकशे छत्तीस अंश फॅरेनहाइट.

"एकशे सत्तावीस," पंढरी म्हणाला.

"शक्य नाही. पंढरी, डोळे उघडून बघ!"

पंढरीने मान खाली घातली. आवडा पुढे झाली.

"दाक्तर, त्यांना दिसत नाय. आकडा मीच वाचतंय. आन् सत्तावीसच हाय."

डॉक्टर उठून आले, वाकून पाहिलं. एकशे सत्तावीस.

"म्हणजे दोन वर्षांचे आकडे...?"

"माझंच."

डॉक्टर वहीची मागची पानं उलटू लागले. त्यांचा सगळा अंदाज तिच्याच नोंदींवर उभा होता.

त्या दिवसांत मावळतीचं आभाळ रक्तासारखं लाल व्हायचं. पुढे वर्तमानपत्रांतून कळलं, दूर समुद्रापार ज्वालामुखी फुटला होता, त्याची धूळ आभाळभर पसरून ऊन अडवत होती. आवडाचा आकडा खोटा नव्हता, सूर्यही तोच होता.

नव्या वर्षापासून वहीत वाचणाऱ्याचं नाव म्हणून 'आवडाबाई' लिहिलं जाऊ लागलं. पंढरी तिच्या खांद्यावर हात ठेवून रोज यायचा आणि आंब्याच्या सावलीत बसायचा. ती आकडा मोठ्याने सांगायची, आणि तो हसून म्हणायचा, "आता कशी खणखणीत बोलतेस गं!"