न आलेला माणूस

हातोड्याचं खरं आडनाव काय ते पगाराच्या खिडकीलाच ठाऊक. बाकी अख्खा डेपो त्याला पाठीमागे हातोड्याच म्हणायचा, कारण हातात तो असायचा आणि तोंडातून निघणारा शब्दही त्याच जातीचा. तोंडावर मात्र 'काका'. आपणही हातोड्याच म्हणू. त्याला राग येईल, पण त्याला कशाचा येत नाही?

बसगाड्यांचे ब्रेक हे त्याचं काम. चाक उतरवायचं, ड्रम काढायचा, झिजलेले लायनर काढून नवे बसवायचे आणि ते करता करता ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, कारण ब्रेक झिजतो तो ड्रायव्हरच्या अकलेमुळेच, असं त्याचं ठाम मत. त्याने बसवलेला ब्रेक तक्रार घेऊन परत आला नाही, हे त्याचे वैरीही मान्य करायचे. आणि वैरी म्हणजे जवळजवळ सगळा डेपो.

त्याचा मुलगा याच डेपोत कंडक्टर. बापलेकांचं बोलणं सगळं आईमार्फत. "त्याला विचार, जेवणार आहे का." "त्यांना सांग, जेवून आलोय." दोघंही एकाच खोलीत, एकमेकांपासून हातभर अंतरावर! सिगारेट मात्र दोघांची एकाच छापाची. बापाची बघून बघूनच पोरगा शिकला, दुसरं कुठून शिकणार?

मग एक दिवस डॉक्टरने हातोड्याच्या पायाचा अंगठा दाबून बघितला आणि सांगितलं, रक्त पोचत नाहीये, ओढत राहिलात तर अंगठा जाईल, मग पाऊल. हातोड्या डॉक्टरवर ओरडला, पण घाबरला. डेपोच्या दवाखान्यात, टायरच्या गोदामाला लागून एक खोली होती. तिथं नर्सबाईंनी सिगारेट सोडवण्याचा वर्ग सुरू केला होता. दंडावर चिकटवायच्या पट्ट्या, चघळायच्या गोळ्या आणि आठवड्यातून एकदा गोल करून बसून बोलायचं. माणसाला सगळं फुकट, खर्च कंपनीचा. हातोड्या गेला आणि हाताची घडी घालून बसला. खुर्चीला नावं ठेवली, पट्टीला ठेवली, गोळीच्या चवीला ठेवली. आणि एकदा असाच शिव्या देता देता त्याचा आवाज फाटला आणि तो रडायला लागला. ढसाढसा! नाक वाहतंय, खांदे हलताहेत. हसलं कुणी नाही. तिथं सगळेच त्याच वाटेवरचे होते. त्या दिवसानंतर त्याने सिगारेटला हात लावला नाही.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण नर्सबाईंना आनंद आवरला नाही. डेपोच्या सभेत त्या माइक घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आपले ब्रेकवाले काकासुद्धा वर्गात रडले, पण बघा, सोडली त्यांनी!" टाळ्या. हातोड्या खुर्चीत बसल्या जागी लालेलाल.

दुसऱ्या दिवशी त्याच्या बाकावर कुणीतरी घडी घातलेला रुमाल ठेवला. तिसऱ्या दिवशी दुधाची बाटली. मग आठवडाभर रोज काहीतरी. चूक बाईंचीच होती, त्यात शंका नाही. खोलीतलं खोलीत ठेवायला हवं होतं. त्यांनी येऊन माफीही मागितली. पण हातोड्याला माफी म्हणजे काय ते कुणी शिकवलंच नव्हतं. त्याने पाठ फिरवली ती फिरवलीच. सिगारेट पुन्हा धरली नाही, कारण धरली असती तर तेच रुमालवाले हसले असते. असा त्याचा निग्रह, निम्मा अंगठ्याच्या भीतीचा आणि निम्मा खुनशीपणाचा.

वर्षभराने बाई त्याच्या घरी आल्या. बायकोने चहा ठेवला. हातोड्याने "बसा" म्हटलं नाही, तरी बाई बसल्या.

"काका, एकदा येऊन यंत्रात फुंका. दोन मिनिटांचं काम. श्वासात धूर नाही एवढं दिसलं की झालं."

"मी फुंकणार नाही."

"तुम्ही सोडलीय हे मला ठाऊक आहे."

"मग लिहा की तसं!"

"लिहिता येत नाही. वर्षानंतर जो येऊन फुंकेल त्यानेच सोडली असं धरतात. जो आला नाही, तो ओढतोच असं धरायचं, असा नियम आहे."

"मग धरा. ओढतो मी. चांगली दोन पाकिटं ओढतो. अजून काही?"

"वरच्या ऑफिसने हिशेब मागितलाय. वर्गावर किती खर्च झाला आणि त्यात किती जणांची सुटली. खर्च तर होऊन गेलाय. माणसं कमी दिसली की एकेक माणूस महाग पडतो. एक ड्रायव्हर आजारी पडून घरी बसला तर याच्या कितीतरी पट खर्च येतो, हे मी ओरडून सांगतेय. पण ते म्हणतात, आधी आकडा दाखवा. आणि ब्रेक सेक्शनचा एकही माणूस फुंकायला येत नाहीये. तुम्ही दम भरलाय सगळ्यांना."

भरला होताच. 'जो त्या यंत्राच्या नळीला तोंड लावेल त्याने माझ्या बाकाशी यायचं नाही,' असं त्याने सगळ्या सेक्शनला बजावलं होतं. आणि रोज ज्याच्याकडून अवजार मागून घ्यायचं, त्याच्याशी वाकडं घ्यायला कोण जातंय?

"आणि मेलेले?" हातोड्याने विचारलं. "ते येत नाहीत, त्यांचं काय करता?"

"ते मोजणीतून वजा होतात."

"मग मला मेलेला लिहा."

"लिहा हो बाई, लिहा!" आतून बायको ओरडली. "मी सही करते! घरादाराची सुटका होईल एकदाची!"

बाई उठल्या. चहा तसाच राहिला. "माझ्यावरचा राग वर्गावर काढू नका, काका. पुढच्या खेपेला नावं आलीत. त्यांनी काय बिघडवलंय तुमचं?"

"पुढच्या वेळी याल तेव्हा रुमाल घेऊन या!" हातोड्या जिन्यातून खाली ओरडला. पोरगा ड्युटीवरून परतत होता. तो बाईंना वाट द्यायला भिंतीला टेकला. हातात खांद्यावरून उतरवलेली तिकिटांची पिशवी, आणि बोटांची टोकं पांढरीफटक. हातोड्याने ती आधीही बघितली होती. कशाने होतं हे अंगठ्यावरून त्याला नेमकं माहीत होतं. पोराने एकदा बापाकडे बघितलं आणि आत गेला.

महिनाभरात वर्ग बंद झाला. वरून साहेब आला, हिशेब बघितला आणि म्हणाला, 'एक माणूस फार महाग पडतोय, त्यापेक्षा पाट्या लावा.' डेपोभर पाट्या लागल्या, सडक्या फुप्फुसाचं रंगीत चित्र घातलेल्या. लोक त्याच पाट्यांच्या खाली उभं राहून थोटकं विझवायला लागले. हातोड्या खूश. कित्येक महिन्यांनी वर्कशॉपने त्याला हसताना बघितलं.

घरी आला तर सून दारातच उभी.

"झालं मनासारखं?" ती म्हणाली. ही पोरगी आजवर सासऱ्यासमोर मोठ्याने बोलली नव्हती.

"काय झालं?"

"यांचं नाव होतं वर्गाच्या पुढच्या खेपेला. बोटं बधिर होतात, सुट्टे पैसे हातातून निसटतात. डॉक्टर म्हणाले, सोडली नाही तर बोटं काढावी लागतील. बाहेर त्या पट्ट्या आणि गोळ्या विकत घ्यायच्या तर पगार पुरत नाही. आणि तुम्ही म्हणे हसत होतात दुपारी."

"मला कुणी सांगितलं नाही!"

"तुम्हाला सांगायचं म्हणजे काय सोपं आहे, बाबा?"

सकाळी हातोड्या हजेरी न लावताच दवाखान्यात गेला. वर्गाच्या खोलीत छतापर्यंत टायर रचले होते. नर्सबाई शेजारी कुणाच्या तरी ढोपराला मलमपट्टी करत होत्या.

"यंत्र कुठंय?"

"आता उपयोग नाही, काका."

"कुठंय ते विचारतोय!"

बाईंनी कपाटातून काढलं, नवी नळी लावली. हातोड्याने गाल फुगवून असं फुंकलं की खोकलाच आला. हिरवा दिवा लागला.

"सोडलीय तुम्ही," बाई म्हणाल्या.

"ते मला ठाऊक आहे! वर कळवा. अख्खा सेक्शन आणतो आत्ता. मानगूट धरून आणतो एकेकाला."

"आणा. मला बरं वाटेल. पण पट्ट्या येणार नाहीत. त्यांचा हिशेब झाला." त्यांच्या आवाजात रागसुद्धा नव्हता, आणि तेच हातोड्याला जास्त लागलं. पुन्हा ढोपराकडे वळत त्या म्हणाल्या, "तेव्हा दोन मिनिटं मागितली होती मी."

पोरगा गाड्या धुण्याच्या जागेमागे उभा होता. पेटवलेली सिगारेट तळहाताच्या आडोशाला, अगदी हातोड्या धरायचा तशी. हातोड्या समोर जाऊन उभा राहिला. मध्ये आई नव्हती, त्यामुळे सुरुवात कशी करायची हेच त्याला कळेना.

"फेकून दे ती."

पोराने एक झुरका घेतला.

"त्या वर्गाबिर्गाची काही गरज नसते. मनावर घेतलं की सुटते. मी सोडली की नाही?"

"तुम्ही मनावर घेऊन नाही सोडलीत. तुम्ही रडलात."

हातोड्याच्या कपाळाची शीर तटतटली. "तूही हसलास ना? बापाला रुमाल ठेवतात म्हणून तूही हसलास!"

"मी?" पोराने सिगारेट खाली टाकली आणि बुटाने चिरडली. "मी त्या सभेत मागे उभा होतो. बाई माइकवर बोलल्या तेव्हाच ठरवलं होतं नाव द्यायचं. म्हटलं, आपल्या बापाला जिथं रडता येतं, तिथं आपलंही काही होईल. धीर व्हायलाच वर्ष लागलं."

हातोड्याने तोंड उघडलं. शिव्यांची काय कमी होती त्याच्याकडे?

तेवढ्यात ड्रायव्हरने हॉर्न दिला. पोराने तिकिटांची पिशवी गळ्यात घातली आणि तिचा पट्टा बकलातून ओढायला लागला. बोटं ऐकेनात. पट्टा दोनदा सुटला. हातोड्याने हात पुढे केला.

"राहू द्या," पोरगा म्हणाला, आणि पट्टा दातांनी ओढून गाडीत चढला.