नळाआधी नाली

आमच्या लेआउटमध्ये नळ यायचा होता, पण किस्से आधीच येऊन राहिले होते. मी फारशी बोलत नाही, म्हणून माणसं माझ्यासमोर मोकळेपणाने बोलतात. भांडणं तर गच्चीवरूनही ऐकू येतात. शाळेतल्या मैत्रिणी रोज विचारतात, "आज काय झालं?" आणि काहीतरी झालेलं असतंच.

पांढरकवड्याच्या बाहेर, हैदराबाद हायवेच्या अलीकडे आमची नवी घरं आहेत. नगर परिषदेची अट साधी होती: सांडपाण्याची नाली खालच्या नाल्यापर्यंत न्या, घरोघरी छताचं पाणी जिरवायची सोय करा, मग नळ मागा. सगळ्यात जास्त घाई मेश्रामकाकूंना. त्यांच्या मुलीचं लग्न घरच्या अंगणात व्हायचं होतं. "पाहुण्याईले काय टँकरच्या रांगेत उभं करू?" असं त्या भेटेल त्याला विचारायच्या.

*

प्लॉट विकताना बोर्डावर 'चोवीस तास पाणी' असं लिहिलेलं होतं. बाबा त्या बोर्डाचा फोटो घेऊन लेआउटवाल्या शेठकडे गेले. शेठनी चहा मागवला, फोटो निरखून पाहिला आणि म्हणाले, "खोटं काय हाय भाऊ? पाणी चोवीस तास जमिनीत हायच. तुम्ही बोर मारा."

बाबा चहा पिऊन परत आले. चहा चांगला होता म्हणे.

*

काकूंच्या शेजारी सलीमचाचा राहतात. ते ट्रकचे मेकॅनिक आहेत. नाली व्हायच्या आधी काकूंचं सांडपाणी दारात येऊ नये, म्हणून त्यांनी अंगण एका विटेने उंच केलं. काकूंनी आपलं दोन विटांनी केलं. चाचांनी पुन्हा भर टाकली. असं करत करत चाचांची स्कूटर फळी लावून घरात चढवावी लागू लागली.

काकू कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "सलीमभाऊ, अजून एक थर चढवा. हैदराबाद दिसते काय पाहा."

"दिसलं असतं बहेन," चाचा म्हणाले, "पण तुमचं अंगण मधात येऊन राह्यलं."

*

पाणी जिरवायचे खड्डे सगळ्यांनी खणले, पण छतापासून खड्ड्यात सोडायचा पाइप आणला एकट्या चाचांनी. तपासणीच्या दिवशी नगर परिषदेचे इंजिनिअर साहेब एका घरातून निघाले की तोच पाइप मागच्या बाजूने पुढच्या घरी पोचायचा. त्यावर चाचांच्या हाताचा ग्रीसचा मोठा डाग होता, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

आमच्या घरी साहेबांनी तो डाग बराच वेळ पाहिला. मग बाबांना शांतपणे विचारलं, "पुढच्या घरीही हाच येणार, की दमला आता?"

त्या आठवड्यात सगळ्यांनी आपापले पाइप आणले.

*

शेवटी नालीची परीक्षा ठरली. वरच्या टोकाला टँकरचं पाणी सोडायचं, ते खाली नाल्यापर्यंत पोचलं तर नळ मंजूर. नाही पोचलं तर नाली पुन्हा खोदायची, म्हणजे काकूंचं लग्नघर टँकरवरच. सगळा लेआउट साहेबांबरोबर खाली नाल्याशी जाऊन उभा राहिला.

पाणी सोडलं. टँकर रिकामा झाला. खाली थेंबही आला नाही.

बाबांचा चेहरा उतरला. साहेब एकेक झाकण उघडत वर निघाले. प्रत्येक चेंबर कोरडं. काकूंच्या दाराशी मात्र नालीत पोतं कोंबलेलं, आणि काकू बादलीने पाणी उपसून मांडवासाठी बांधलेला नवा ओटा पक्का व्हावा म्हणून त्याची तराई करत होत्या. सिमेंट भिजून चकाकत होतं.

"काकू, ही नालीची परीक्षा आहे," साहेब म्हणाले.

"माहीत हाय ना. पण इतकं साफ पाणी नाल्यात कायले सोडायचं?"

साहेबांनी बाह्या वर केल्या आणि स्वतःच पोतं ओढून काढलं. दुसरा टँकर मागवला. या वेळी ते काकूंच्या शेजारीच उभे राहिले. थोड्या वेळाने खालून सलीमचाचांची हाक आली, पाणी नाल्यात पडलं म्हणून. साहेबांनी तिथेच सांगून टाकलं, नळ मंजूर.

काकूंचे डोळे भरून आले. साहेबांचे हात चिखलाने भरलेले पाहून त्या लगबगीने तांब्या घेऊन आल्या आणि त्यांच्या हातांवर पाणी घालू लागल्या. साहेबांनी खाली पाहिलं. पायाशी घमेलं ठेवलेलं होतं.

"काकू, नळ मिळाला ना आता?"

"मिळाला ना, साहेब. हात जरासे आत घ्या, बाहेर सांडून राह्यलं."