थोरल्या साडूंची टाच

जगात दुखणं नावाची गोष्ट आहे, हे आमच्या थोरल्या साडूंना मान्यच नाही. म्हणजे इतरांची दुखणी मान्य आहेत; नुसती मान्य नाहीत, प्रिय आहेत. मला साधी शिंक आली की अर्ध्या तासात ते थर्मासमध्ये काढा घेऊन दारात उभे राहतात आणि मी तो संपवेपर्यंत हलत नाहीत. पण गोष्ट स्वतःच्या देहाची निघाली की त्यांचा एकच खाक्या, "काय हुतंय त्याला?" दाढ किडली तेव्हा जेवणाच्या सुट्टीत जाऊन उपटून आले आणि गालात कापूस धरून पाच वाजेपर्यंत रंधा मारत राहिले. एकदा कारखान्यात दहा किलोचा ठोकळा पायावर पडला. माणसं धावत आली, तर हे खाली बसून ठोकळ्याचा कोपरा तपासत होते. "वाचला," म्हणाले. अंगठ्याचं नख काळंनिळं झाल्याचं घरी मोजा काढताना कळलं, तेही त्यांना नाही, आक्कांना.

आक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, साडूंची बायको. साडू तीस वर्षं एका फाउंड्रीत पॅटर्न करायचे. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी त्याचा लाकडात हुबेहूब नमुना लागतो, तो म्हणजे पॅटर्न. त्यामुळे लाकूड दिसलं की साडूंचा हात त्यावरून फिरलाच म्हणून समजा. माझ्या लग्नाची बोलणी करायला ही मंडळी आमच्या घरी आली, तेव्हा देण्याघेण्याचा विषय ऐन रंगात असताना साडू टेबलाखाली गेले. बऱ्याच वेळानं बाहेर आले आणि चारचौघांत जाहीर केलं, "टेबलाचा सांदा पार ढिला हाय की हो." माझ्या आईनं स्थळ हातचं गेलं असंच धरलं. पुढच्या रविवारी हे सरस आणि पाचरी घेऊन हजर! दुपारभर खपून टेबल घट्ट केलं, चहा घेतला आणि जाता जाता म्हणाले, "पोरगं बरं हाय." तेव्हापासून ते मला 'पावणं' म्हणतात. लग्नाला वीस वर्षं झाली, तरी मी अजून पावणंच आहे.

तर अशा माणसाची टाच दुखायला लागली. सकाळी अंथरुणातून उठल्यावरची पहिली पाच-सहा पावलं ते भिंतीला धरून टाकायचे. विचारलं तर "पाय झोपलाय जरा" असं उत्तर. असा तो पाय आठ महिने झोपला! मधल्या काळात त्यांनी 'दुखत नसलेल्या' टाचेवर बरेच उपाय केले. विटेवर रुईची पानं ठेवून शेकून झालं. कागलच्या एका मित्रानं सांगितलेलं तेल झालं. मग फाउंड्रीतली वाळू पिशवीभर आणून आक्कांच्या कढईत तापवली आणि तिच्यात पाय ठेवून बसले. त्या कढईतल्या पुऱ्यांना पुढं महिनाभर कारखान्याचा वास यायचा. मी स्वतः खाल्ल्या आहेत.

हे असंच चाललं असतं, पण माघ जवळ आला. माघातल्या पाच रविवारी कोल्हापुरातून जोतिबाच्या डोंगरावर अनवाणी चालत जायचं, याला आमच्याकडं खेटे घालणं म्हणतात. साडू आणि आक्का लग्नाच्या वर्षापासून दरसाल जोडीनं खेटे घालतात. एकदाही खंड नाही. त्या वर्षी आक्कांनी त्यांना भिंत धरून चालताना पाहिलं आणि भाजी निवडता निवडता सांगून टाकलं, "ह्या वर्साला मी एकटी जाणार न्हाय. गेलो तर दोघं, न्हाईतर ऱ्हायलं." या माणसाला घाबरलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. संध्याकाळी ते माझ्याकडं आले आणि भिंतीकडं बघत म्हणाले, "पावणं, तुमच्या वळकीचा कोण डॉक्टर हाय काय? आमच्या एका दोस्ताची टाच दुखतीया."

दोस्ताला स्कूटरवर बसवून मी डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तपासून सांगितलं की टाचेपासून बोटांपर्यंत जाणारा तळव्याचा पट्टा जुना दुखावलेला आहे. व्यायाम करा, अनवाणी फिरू नका आणि सोबत शॉकवेव्हच्या पाच बैठका घ्या, आठवड्याला एक. 'शॉक' म्हटल्यावर मला वाटलं विजेचा असणार, म्हणून मी दोन पावलं मागं सरकलो. पण फिजिओथेरपीच्या खोलीत ते यंत्र दिसलं आणि साडूंचा चेहरा उजळला. यंत्र चालवणारी डॉक्टर जयसिंगपूरची, तिशीच्या आतली, अतिशय मृदू बोलणारी मुलगी होती. तिनं समजावलं, "काका, यात वीज नसते. हवेच्या दाबानं आतली छोटी गोळी पुढं आपटते आणि तिचे ठोके टाचेत जातात."

"कळलं की! आमचा हवेवरचा चिपिंग हॅमर," साडू म्हणाले. "किती दाब ठेवताय?"

"दोन बारपासून सुरू करू."

"दोन? सायकलच्या चाकात त्येच्यापेक्षा जास्त हवा असती, ताई."

यंत्र सुरू झालं. खट खट खट खट असा दोन हजार ठोक्यांचा कार्यक्रम. मध्येच ती थांबायची आणि विचारायची, "काका, शून्य ते दहामध्ये किती दुखतंय?"

"शून्य."

"कपाळावर घाम आलाय."

"पंखा बारीक हाय तुमचा."

शून्य म्हणताना त्यांनी माझं मनगट धरलं होतं. लाकूड कापून तयार झालेला तो हात! घरी जाऊन मी मनगटाला मलम लावलं. दुसऱ्या बैठकीला मी उजव्या बाजूला उभा राहिलो, म्हणजे निदान डावं मनगट त्यांच्या हाती लागेल.

तीन बैठका झाल्या, टाच होती तिथंच. ती मुलगी बिचारी हिरमुसली. "माझंच काहीतरी चुकतंय," असं ती म्हणाली आणि खरी गोम मला तेव्हा उमगली. हे ठोके नेमक्या दुखऱ्या जागी बसायला हवेत आणि ती जागा रुग्णानंच सांगायची असते. ती अंगठ्यानं दाबत विचारायची, "इथं?" दुखऱ्या जागेवर दाबलं की साडूंचा चेहरा दगडाचा व्हायचा, "छ्या! तिथं काय न्हाय." मग अंगठा दोन बोटं बाजूला, धडधाकट जागेवर गेला की यांचा जीव भांड्यात पडायचा आणि ते दिलखुलासपणे म्हणायचे, "हां, हितं जरा हाय." तीन आठवडे त्या मुलीनं एका निरोगी जागेवर सहा हजार ठोके घातले होते.

मी हे आक्कांच्या कानावर घातलं. चौथ्या बैठकीला त्या स्वतः आल्या. पदर खोचला, बाकावर टेकल्या, नवऱ्याचं पाऊल मांडीवर घेतलं आणि एकदाही न चाचपता अंगठा टेकवला. "हितं."

साडू जवळजवळ छताला लागले.

"तुम्हाला कसं कळलं, काकू?" डॉक्टर मुलीनं पेननं तिथं खूण करत विचारलं.

"आठ म्हैनं बगतोय न्हवं मी. पाऊल टाकतानी ह्यो भाग उचलून धरत्यात. चपलेचा तळ बी तेवढाच कोरा ऱ्हायलाय." मग नवऱ्याकडं वळून हळूच म्हणाल्या, "मला एकदा सांगितलं असतं तर काय झालं असतं, अवो?"

यंत्र खटखटू लागलं. मुलीनं नेहमीचा प्रश्न विचारला आणि साडूंनी शून्य म्हणायला तोंड उघडलं. आक्का समोर बसून बघत होत्या.

"सात," साडू म्हणाले. थोड्या वेळानं डोळे मिटून म्हणाले, "आठ करा."

डॉक्टर मुलगी एवढी खूश झाली की तिनं दाब कमी केला.

पुढच्या बैठकीलाही ठोके त्याच खुणेवर पडले. हा उपचार लगेच गुण देत नाही, दुखावलेली जागा सावकाश भरून येते, हे तिनं आधीच सांगितलं होतं. माघ लागला, पहिले चार रविवार गेले. दर रविवारी साडू पहाटे गॅलरीत उभे राहून 'चांगभलं' म्हणत जाणारी माणसं बघायचे आणि आक्का आत चहा करायच्या. चौथ्या रविवारनंतर परवानगी मिळाली. एकच खेटा, तोही सावकाश, थांबत थांबत आणि पायात मऊ बूट घालून. बुटांवरून साडू तासभर वाद घालत होते. शेवटी आक्का म्हणाल्या, "देव पायाकडं बगत न्हाय." तेव्हा कुठं त्यांनी लेस बांधली.

त्या रविवारी मीही बरोबर निघालो. वाटेवरचं वडणगे गाव मागं पडलं, उजाडलं, आणि साडू शिस्तीत चालत होते. कुशिऱ्याच्या पुढं चढ सुरू झाल्यावर त्यांची चाल किंचित बदलली. मला ते कळलं, म्हणजे आक्कांना कधीच कळलं असणार. पण त्या नुसत्या बरोबरीनं चालत राहिल्या. आता हा माणूस दात-ओठ खाऊन वर चढणार आणि पुन्हा आठ महिने भिंत धरणार, असं मला वाटलं.

एका वळणावर साडू थांबले. वरच्या पायऱ्यांकडं बघितलं, मग खाली बघितलं.

"बसूया काय जरा?" ते आक्कांना म्हणाले. "दुखतंय."

आक्का लगेच कडेच्या दगडावर बसल्या आणि पदरानं शेजारची जागा झाडली. साडू बसले. पोरंसोरं, बायाबापड्या त्यांच्यासमोरून भराभरा वर जात होत्या आणि तीस वर्षं कुणालाही पुढं जाऊ न दिलेला तो माणूस बुटाची लेस सैल करून निवांत बघत होता. आक्कांनी विचारलं, "लई?" ते म्हणाले, "तीन." मग दोघंही हसले.

मला पाहून त्यांनी हात केला, "चला पावणं, तुम्ही व्हा म्होरं."

मी पुढं झालो. वर पोचल्यावर देवळाच्या दारात दीड तास वाट पाहिली, पण त्यांना हाक मारायला काही मी खाली उतरलो नाही.