जाऊबाई प्रतोद झाल्या

आमच्या धुळ्यातल्या शेजारणीला, नूतनला, चाळिशीत पहिली नोकरी लागली. सोनगीरच्या शाळेत सोमवारी रुजू व्हायचं होतं. तिची थोरली जाऊ सुलक्षणा नुकतीच खासदार झालेली. "शपथ घेऊन रविवारी परत येते, मग आईंचं मी बघते," असं ती कबूल करून दिल्लीला गेली होती. सासूबाई, भिकुबाई, अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना भरवायलाही माणूस लागतं.

शनिवारी टीव्हीवर बातमी आली, पक्षाने सुलक्षणाताईंना लोकसभेत मुख्य प्रतोद केलं. म्हणजे आपले सगळे खासदार सभागृहात हजर ठेवायचे. दारात फटाके वाजले. मी गेले तेव्हा नूतन चहाचं तिसरं पातेलं गाळत होती. तेवढ्यात ताईंचा फोन आला.

"नूतन, अधिवेशन संपेपर्यंत मला हलता येणार नाही गं. तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे."

"ताई, सोमवारी माझी शाळा..."

"अगं, शाळेचं काय एवढं! पुढच्या वर्षी मी लावून देईन."

आतून भिकुबाई म्हणाल्या, "बठ्ठा लोके येतीन, चा कोन करी?"

फोन ठेवून नूतन मला म्हणाली, "गैरहजर राहायचं तर खासदारांना ताईंना विचारावं लागतं म्हणे. मलाही लागतं, तेवढं बातमीत राहिलं."

सोमवारी एसटीच्या वेळेला, त्या दिवसापुरतं सासूबाईंजवळ मला बसवून, ती नवी साडी नेसून, पर्स घेऊन दारात उभी होती. समोरून कार्यकर्ते हार घेऊन आले. "वा वहिनी, आमच्यासाठी तयार होऊन बसलात!"

नूतनने पर्स खुंटीला अडकवली आणि पातेलं चढवलं.