आईचा डोळा आणि डिमर

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. कळमनुरीला आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो, आणि हट्टा गावाहून आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आणलं होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, जोराचा उजेड नको, अंधारात चाचपडणंही नको. कुठं आपटल्या तर डोळा जाईल. उजेडही नको न् अंधारही नको, मग माणसानं करावं तरी काय? त्यात आतल्या खोलीला खिडकी नाही, दिवसाही दिवा लागायचा. मी वायरमनला गाठलं.

त्यानं आधी ट्यूबलाच उजेड कमी-जास्त करायचा डिमर जोडला. बटण फिरवलं की ट्यूब लुकलुकायची, चोक गुणगुणायचा आणि आई डोळ्यावर हात धरून बसायची. मी त्याला चांगलंच झापलं. तेव्हा म्हणतो कसा, ट्यूबला हा डिमर चालत नाही, साधा बल्ब लागतो. हे आधी सांगायला काय झालं होतं? बल्ब लावला, तर उजेड कसा अलगद उतरत गेला. मी हुश्श केलं.

दुसऱ्या दिवशी बटण कमी करून शाळेत शिकवायला गेले. परत येऊन बघते तर फ्रिज बंद, दूध नासलेलं. तिसऱ्या दिवशीही तेच. वायरिंग बिघडवलं म्हणून वायरमनला पुन्हा बोलणी बसली, बिचाऱ्याला.

त्या संध्याकाळी उजेड कमी करून मी भाजी चिरायला बसले, तर आई भिंत धरत, स्टुलाला अडखळत फ्रिजकडं निघालेली. पळत जाऊन तिला धरलं, काहून उठलीस म्हणून ओरडलेच.

“व्होल्टेज गेलं ना माय,” ती म्हणाली. “तुहा फ्रिज जळंल.”

आमच्याकडं बल्ब मंद झाला की व्होल्टेज उतरलं समजून सगळे टीव्ही, फ्रिज बंद करायला पळतात. म्हणजे डिमर लावून मीच तिला पळवत होते! डिमर समजावून सांगितला, तर हो हो म्हणाली आणि सकाळी परत उठली. वर मलाच ऐकवलं, “डोळा माह्या एकटीचा हाय. फ्रिज साऱ्या घराचा.” रागही आला न् रडूही. व्होल्टेज गेलं तर मला हाक मार, मी बंद करते, एवढं तिच्याकडून कबूल करून घेतलं.

मग वायरमननंच तोड काढली. डिमर काढून दोन बल्ब लावले, दोन बटणांवर. एक मोठा. दुसरा अगदी लहान, पलंगामागं भिंतीकडं तोंड करून, कायम लागलेला. मोठा विझला की लहान्याचा उजेड उरायचा. दिवा हळूहळू उतरत नव्हता, त्यामुळं आईला शंकाच येईना.

आठवड्यानं, मी कणीक मळत असताना, व्होल्टेज खरंच गेलं. लहान बल्ब लालसर झाला. पिठाच्या हातानं तशीच धावले. आई पलंगावरच होती, पांघरूण छातीपर्यंत ओढून.

“पोरी, व्होल्टेज गेलं,” ती म्हणाली. “तू जा, मी हितंच हाय.”

फ्रिज बंद केला आणि तिच्या पायाशी येऊन बसले. ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा माझ्या जिवात जीव आला.