एम म्हणजे मेक्सिको

हे मीच सांगून टाकलेलं बरं. आमच्या मंडळींनी, म्हणजे मंगलनं, सांगायला घेतलं की माझी बाजू उरतच नाही. माझ्या सांगण्यात निदान पहिली पाच मिनिटं तरी मी शहाणा असतो.

तर झालं असं, की मी हुपरीच्या दिनकरअण्णांची जुनी मोटरसायकल घेतली. अण्णांचा घरातच पैंजणांचा कारखाना. पंधरा वर्षं एकहाती वापरलेली गाडी, पण टाकीवर एक ओरखडा नाही. चांदीला पॉलिश करणारा माणूस, गाडी का घाण ठेवेल? अण्णा गाडीबद्दल बरंच काही सांगत होते आणि मी मान डोलवत टाकीत स्वतःचं तोंड बघत होतो. ते काय सांगत होते ते नीट ऐकलं असतं तर हा किस्साच झाला नसता.

दुसऱ्या दिवशी उचगावला घरासमोर गाडी धुवायला घेतली. पुसता पुसता मीटरकडे लक्ष गेलं. आकड्यांखाली किलोमीटर नाही, मैल लिहिलेलं. म्हटलं, हे काय? मग मागं बघितलं तर साडीगार्ड नाही. आपल्याकडं साडीगार्डाशिवाय गाडी बघितलीय का कधी? माझं डोकं चालायला लागलं. ते चाललं की घरातली माणसं घाबरतात.

मोबाईल काढला. गाडीच्या चासीवर जो सतरा अक्षरी नंबर असतो, त्याचं पहिलं अक्षर गाडी कुठल्या देशाची ते सांगतं, असं एका ठिकाणी वाचलं. खाली कुठलं अक्षर कुठल्या देशाचं याचा तक्ताही होता म्हणे. तक्ता बघायचा धीर कुणाला? मी चासीवरची माती फडक्यानं पुसली. पहिलं अक्षर निघालं एम.

आता तुम्हीच सांगा, एम म्हणजे काय असणार? मेक्सिको. आणि तिकडच्या बायका साड्या नेसत नाहीत, म्हणून साडीगार्ड नाही. सगळं कसं चपखल बसलं! कंपनीनं परदेशात पाठवायला बनवलेली गाडी चुकून इथं राहिली आणि अण्णांच्या नशिबी आली. त्या बिचाऱ्यांना पत्ताच नाही.

संध्याकाळपर्यंत निम्म्या गल्लीला कळलं. दोघं-तिघं येऊन चासीवर बोट फिरवून गेले. मंगलला मात्र कौतुक नव्हतं. तिचं म्हणणं एवढंच, की आधी साडीगार्ड बसवून आणा. मी तिला समजावलं, की अशा गाडीचं मूळ रूप बिघडवायचं नसतं. त्याच रविवारी कागलला तिच्या भावाकडं वास्तुशांतीला गेलो. पोचल्यावर बघतो तर तिच्या नव्या साडीचा काठ चेनच्या तेलानं काळा झालेला. भावाच्या दारात ती काही बोलली नाही. घरी आल्यावर दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली तेव्हा मागचे दोन दिवस बरे होते असं वाटलं.

तेवढ्यात ब्रेक कमी लागायला लागला. कोपऱ्यावरच्या रफीकभाईंकडं गाडी नेली. त्यांनी चाक उघडलं, लायनर झिजलेत म्हणाले आणि फळीवरचा नवा जोड काढला. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, हे चालणार नाहीत, ह्या गाडीचं स्पेसिफिकेशन वेगळं आहे. मेक्सिकोचं.

रफीकभाई म्हणाले, "भाऊ, वीस वर्षं ह्याच गाड्या खोलतोय. आतनं सगळं इथलंच हाय."

मी त्यांना एमचा हिशेब सांगितला. त्यांनी हात पुसत शेवटपर्यंत ऐकून घेतलं, लायनर परत फळीवर ठेवले आणि म्हणाले, "मग मेक्सिकोवरनंच मागवा की." चाक तसंच बसवून दिलं आणि हळू चालवा म्हणाले.

इथपर्यंत सगळं गल्लीतल्या गल्लीत होतं. पुढं मी आरटीओत गेलो.

गाडी नावावर करायची होती आणि पंधरा वर्षं झाल्यामुळं पासिंगही करायचं होतं. इन्स्पेक्टर साहेबांनी कागद बघितले, नंबर ताडून बघितला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "साडीगार्ड बसवून आणा. बाकी काय न्हाई."

बस. एवढंच. होय म्हणून घरी यायचं होतं. पण मी म्हणालो, "साहेब, ह्या गाडीला साडीगार्ड येतच नाही. ही मेक्सिकोची गाडी आहे."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"मेक्सिकोची? मग हितं कशी आली? कस्टमची कागदं कुठायत?"

मी आपलं, तसं नाही साहेब, म्हणजे तिकडं जायची होती पण गेली नाही, असं काहीतरी बोलायला लागलो. जितकं बोलावं तितकं ते लिहून घेत होते. शेवटी कागदावर शेरा पडला: वाहन परदेशी असल्याचे अर्जदाराचे म्हणणे, मूळ मालकास हजर करणे.

मूळ मालक म्हणजे दिनकरअण्णा. ऐन लग्नसराईत, पैंजणांचं काम तुंबलेलं असताना, तो सरळ माणूस हुपरीहून एसटीनं आला. काखेत प्लास्टिकची पिशवी. गावात त्यांना लोक विचारत होते म्हणे, की अण्णा, चोरून आणलेली गाडी विकली व्हय? पंधरा वर्षं ज्यांच्या चांदीच्या वजनावर कुणी शंका घेतली नव्हती, त्यांना माझ्यामुळं हे ऐकावं लागलं. त्यांच्याकडं बघायची माझी हिंमत होईना.

अण्णांनी पिशवीतनं कोल्हापुरातल्याच शोरूमचं बिल काढलं. गाडी घेतल्या दिवशीचा हळदीकुंकू लावलेला फोटो काढला. फोटोत साडीगार्ड स्पष्ट दिसत होता. पैंजणांची पेटी बांधायला तो काढून त्या जागी कॅरियर लावलं होतं आणि विकताना कॅरियर ठेवून घेतलं.

"आणि मीटर?" साहेबांनी विचारलं.

"पडून फुटलावता. जुन्या बाजारात मिळाला तो बसवला. पावण्यास्नी दोन्ही सांगितलंतं की," अण्णा माझ्याकडं न बघता म्हणाले. "मान हलवत हुते."

मी शेवटचा उपाय म्हणून म्हटलं, "पण साहेब, नंबर एमनं सुरू होतो."

साहेब उठले. मला म्हणाले, चला. बाहेर आवारात गाड्यांची रांग लागलेली. एकेका गाडीपाशी थांबून मला चासीचा नंबर वाचायला लावला. पहिली गाडी, एम. दुसरी, एम. पाचव्या गाडीपाशी मी वाकलेलो असताना ते म्हणाले, "एम म्हणजे भारत. का ही सगळी मेक्सिकोची?" आणि जाता जाता आणखी एक ऐकवलं, की मेक्सिकोत मैल न्हाई, किलोमीटरच चालतंय.

गाडीला साडीगार्ड बसवायचा होताच, आता किलोमीटरचा मीटर आणि रफीकभाईंच्या फळीवरचे लायनरही आले. पण माझं म्हणणं शेऱ्यात गेलेलं, ते मागं घ्यायला प्रतिज्ञापत्र लागणार होतं. अण्णांची मी पायाला हात लावून माफी मागितली. ते पाय मागं घेत म्हणाले, माफी ऱ्हाऊ द्या, हुपरीत येऊन चारचौघांत एकदा सांगून जा. पुढच्याच दिवशी जाऊन सांगितलं. चारचौघांऐवजी चाळीस जण जमले होते, तो भाग सोडा.

तर प्रतिज्ञापत्रासाठी मी ऑफिसबाहेरच्या टायपिस्टापुढं बसलो. म्हातारा, जाड चष्म्याचा माणूस. मी सांगत गेलो आणि तो बडवत गेला: सदर वाहन मेक्सिको देशाचे असल्याचे माझे विधान निव्वळ माझ्या अज्ञानातून झालेले असून, भारत व मेक्सिको यांतील फरक माझ्या लक्षात आला नाही.

इथं तो थांबला. "व्यवसाय काय लिहू?"

"शिक्षक."

"माध्यमिक?"

"होय."

"विषय?"

मी इकडं तिकडं बघितलं. जवळ कुणी नव्हतं.

"भूगोल," म्हटलं.

त्यानं चष्म्यावरनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मग आवाज खाली घेऊन म्हणाला, "नुसतं शिक्षक लिवतो."