चमचा द्यायचा राहिला

रविवार, सात एप्रिल, सकाळी साडेसात. हजर: मी (सोसायटीची सचिव), दुसऱ्या मजल्यावरचे बोरकर, तळमजल्यावरच्या कमलताई, चौकीदार श्रावण आणि एकोणीस मासे. आणखी एक गृहस्थ हजर होते. त्यांच्या नावाची ओळ माझ्या वहीत आजही कोरी आहे.

"नाव?" मी पेन उघडून विचारलं होतं.

"माझं काहून लिहिता, ताई? मासे तुमचे चालले. मी तर उभा आहो फक्त."

"पण मासे नेणार कुठे?"

"ठिकाने लावतो ना."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तुम्ही नागपूरचे असाल तर माझी अडचण तुमच्या लगेच लक्षात येईल. आमच्या बोलण्यात हिंदी इतकी मुरली आहे की 'ठिकाने लावणे' म्हणजे एखाद्याची सोय लावणे की एखाद्याला कायमचं संपवणे, हे बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ठरवावं लागतं. त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच ठरत नव्हतं. साठीचा सुकलेला माणूस, मळकी पांढरी टोपी, गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, आणि नजर सतत पाण्यात.

लकडगंजजवळच्या आमच्या इमारतीच्या फाटकापाशी बिल्डरने शोभेसाठी एक तळं बांधून दिलं होतं. त्याचं पाणी झिरपून मीटरच्या खोलीत जायचं. तळं बुजवून तिथे दुचाक्या लावायच्या, असा ठराव झाला. त्या ठरावाची मी वहीत पाच कामांत विभागणी केली. पहिलं काम मासे. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराने "आम्ही परत घेत नाही" म्हणून हात वर केले आणि एक नंबर दिला. मी तो 'मासे नेणारे' या नावाने फोनमध्ये ठेवला.

या तळ्यात जीव अडकला होता तो एकट्या कमलताईंचा. यजमान गेल्यापासून त्या रोज सकाळी काठावर बसायच्या आणि स्टीलच्या चमच्याने दगडावर तीनदा टकटक करायच्या. मासे वर यायचे. सगळ्यात मोठ्या, डोक्यावर काळा ठिपका असलेल्या माशाला त्या 'साहेब' म्हणायच्या. ठरावाला त्यांनी विरोध केला नाही. मला बाजूला घेऊन फक्त म्हणाल्या, "जगले की नाही, तेवढं मला सांगशील ना वं?" मी हो म्हटलं आणि वहीत सहावं काम म्हणून लिहून घेतलं.

त्या सकाळी त्या गृहस्थांनी आधी तळ्यात बोट बुडवलं, वास घेतला, मग बोटाचं टोक जिभेला लावलं.

"यात काय टाकलं?"

"काही नाही," मी म्हटलं.

"सारे काही नाहीच म्हनतात."

बोरकर आकाशाकडे पाहू लागले. शेवाळ जावं म्हणून त्यांनीच मागे मूठभर ब्लीचिंग पावडर टाकायला लावली होती. म्हणजे संशय आम्हालाच येत होता असं नाही, त्या गृहस्थांनाही आमचा होताच. त्यांचं म्हणणं असं की माणूस मासे आणतो हौसेने, देतो कंटाळून, आणि मधलं खरं कोणी सांगत नाही.

बोरकरांनी विषय बदलायला म्हटलं, "एवढा खटाटोप कशाला? तलावात सोडून द्या. मोकळे होतील बिचारे."

"मोकळे?" गृहस्थ पहिल्यांदाच वर पाहून बोलले. "लाल मासा तलावात सोडाचा म्हंजे बगळ्याले ताट वाढून देलं ना जी. अन् जे वाचतीन थे तिथल्या माशाईचं खातीन."

त्यांच्या मोपेडच्या मागे थर्माकोलचा डबा होता, अगदी मासळीबाजारात असतो तसा. गृहस्थांनी त्यात तळ्याचं पाणी भरलं आणि बर्फाची एक बांधलेली पिशवी सोडली. मग जाळी घेऊन सगळ्यात आधी साहेबाला उचललं.

"बर्फावर काय ठेवतात, माहीत आहे ना मॅडम?" बोरकर माझ्या कानाशी म्हणाले. "आज रस्सा आहे त्यांच्याकडे."

मी मोपेडचा नंबर लिहून घेतला. कमलताई काठावर चमचा धरून बसल्या होत्या. डबा बांधून झाल्यावर गृहस्थांनी त्यांच्याकडे पाहिलं. "माय, काय देत होत्या याईले?" "कणकेच्या गोळ्या," त्या म्हणाल्या. "किती वाजता?" "साडेसातला." त्यांनी मान हलवली आणि ते गेले.

पुढचे आठ दिवस मी फोन केला की एकच उत्तर मिळायचं, "लागले ठिकाने." पत्ता विचारला की फोन बंद. इकडे कमलताई जिन्यापाशी भेटल्या की नुसत्या पाहायच्या. शेवटी श्रावण म्हणाला, "थो माणूस मले वाडीले दिसते, मॅडम. माहा साळा हाय ना तिथं, गोदामावर चौकीदार. त्याच्याशी बोलत बसते."

वाडीत, शहराच्या टोकाच्या त्या वस्तीत, मासे कुठले? तिथे ट्रक, गोदामं आणि धूळ. माझा संशय पक्का झाला. रविवारी सकाळी स्कूटर काढली. निघताना कमलताईंनी चमचा हातात दिला. "दिसले नाहीत तर वाजवून पाहा."

गोदामाच्या फाटकावर श्रावणचा साळा "इथं मासे नाही" असं इतक्या घाईने म्हणाला, की मी सरळ आत गेले. मागच्या बाजूला आग लागली तर वापरायला म्हणून पाण्याचा मोठा सिमेंटचा हौद होता. पाणी गर्द हिरवं, खालचं काही दिसत नव्हतं. हौदाच्या कठड्यावर ते गृहस्थ बसले होते. बाजूला दोन ट्रक ड्रायव्हर माल भरायची वाट पाहत चहा पीत होते.

"मोजाले आल्या का?" त्यांनी विचारलं. राग नव्हता आवाजात, त्यामुळे मलाच जास्त लागलं.

मी कठड्यावर चमचा तीनदा वाजवला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग पाण्यात खालून एक लाल डाग वर येऊ लागला, त्याच्यामागे दुसरा. साहेब सगळ्यात पुढे होता.

ड्रायव्हर चहा विसरून पाहत राहिले. एक म्हणाला, "अरे, हम लोग रोज रोटी डालते हैं, ऐसे तो कभी नहीं आए."

गृहस्थ चमच्याकडे पाहत होते. "हे नव्हतं सांगतलं तुम्ही."

मी मोजले. अठरा भरले.

"एक गेला," ते म्हणाले. "रस्त्यातच. ऊन भल्लं होतं. बर्फ कमी पडला माहा." आणि बोट दाखवलं. लिंबाच्या बुंध्याशी माती उकरून सारखी केलेली होती.

मग त्यांनी सगळं सांगितलं. गोदामांच्या अशा हौदांत डास होतात. मासे सोडले की डास जातात, चौकीदारांना झोप मिळते, ड्रायव्हरांचा वेळ जातो. फक्त गोदामाच्या मालकांना माहीत नसतं. कळलं तर चौकीदाराची नोकरी जायची. "म्हनून नाव लिहू देत नाही, ताई. अन् पत्ता कळला की लोक आपले मासे आनून टाकतात इथंच. हौद तेवढाच अन् मासे दुप्पट, मंग सारेच मरतात. हे कुठं लिहू नका."

"नाही लिहिणार," मी म्हटलं. आणि मी एक अक्षरही लिहिलं नाही. कमलताईंना दाखवायला फोटो मात्र काढला. तो पाहून त्या शिरा करून घेऊन आल्या. बोरकरांचा रस्सा डोक्यात होता, म्हणून तोच फोटो मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली मजकूर नाही. सहाव्या कामापुढे खूण केली.

फोटोत साहेब होता, हिरवं पाणी होतं, आणि मागे भिंतीवर गोदामाची पाटी होती. नाव, गल्ली, सगळं. माझ्यासारख्या याद्या करणाऱ्या बाईला ती पाटी दिसली नाही.

ग्रुपवरून फोटो कुठे कुठे गेला, मला माहीत नाही. पंधरा दिवसांत गोदामाच्या फाटकाशी लोक पिशव्यांत मासे आणून ठेवू लागले. कोणी काचेची पेटीच सोडून गेलं. मालक आला. साळ्याची नोकरी हातापाया पडून वाचली, पण हौदावर पत्रा टाकायचं ठरलं, मासे लगेच हलवायचे.

त्याच संध्याकाळी त्या गृहस्थांचा फोन आला.

"ठिकाने लागले होते, ताई. तुम्ही उठवले."

मी म्हटलं, "चूक झाली. आता कुठे नेलेत?"

"पाहून राहिलो. सांगत नाही तुमाले. राग नोका मानू."

"नाही मानत."

"थो चमचा ठेवजा मात्र. नव्या पान्यात मासा खाली दबून बसते, खात नाही. वळखीचा आवाज आला तं येईन वर. मी येतो घ्याले."

कमलताईंनी चमचा त्याच दिवशी घासून, फडक्यात गुंडाळून माझ्याकडे दिला.

ते आले नाहीत. नंबर आठवडाभर वाजत राहिला, मग बंद झाला. मी वाडीत दोनदा जाऊन आले. साळा तोंड फिरवून म्हणतो, "इकडे नाही येत आता." बाजूच्या गोदामांत विचारायला गेले, तर पहिलाच प्रश्न आला, "नाव काय त्याईचं?" मोपेडचा नंबर आहे माझ्याकडे. तो दाखवून चौकशी केली तर त्यांना काय वाटेल, हे आता मला कळतं, म्हणून तो मी खोडून टाकला.

तळ्याच्या जागी आता सात दुचाक्या उभ्या असतात. कमलताई साडेसातला खाली येतात, सवयीने. "काय वं, काही कळलं?" मी म्हणते, "चौकशी चालू आहे." त्या माझ्याकडे तसंच पाहतात, जसं आम्ही सगळ्यांनी त्या माणसाकडे पाहिलं होतं.

सहाव्या कामापुढची खूण मी खोडली आहे. त्याखाली सातवं लिहिलं आहे: चमचा पोचवणे. चमचा टेबलाच्या वरच्या खणात आहे, फडक्यासकट.